अँटिबॉडीला ल्युटेशियम लागलं, पण ती अजून पेशीला धरते का?

लेबलिंग, म्हणजे अँटिबॉडीला किरणोत्सर्गी अणू जोडणं, उरकतं, टीएलसीची (मोकळं आणि जोडलेलं ल्युटेशियम वेगळं करणारी) पट्टी मोजली जाते, शुद्धता ९८ टक्के येते आणि प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलामुलींना वाटतं, काम झालं. पहिल्या वर्षी मलाही तसंच वाटायचं. पट्टी सांगते ते खरंच असतं, पण अर्धंच असतं. ल्युटेशियम अँटिबॉडीला लागलं आहे, मोकळं फिरत नाही, एवढंच ती सांगते. ती अँटिबॉडी, म्हणजे पाठ्यपुस्तकातलं प्रतिपिंड, आपल्या प्रतिजनाला, म्हणजे तिने धरायच्या रेणूला, अजून ओळखते का, याबद्दल पट्टी काहीच बोलत नाही. गरम करून पार बिघडवलेल्या अँटिबॉडीची पट्टीही तितकीच सुरेख येऊ शकते.

उरलेलं अर्धं कसं मोजायचं, ते इथे पायरीपायरीने सांगतो. उदाहरण एकच धरू: ल्युटेशियम-१७७ लावलेली ट्रॅस्टुझुमॅब. ही स्तनाच्या कर्करोगावरची जुनी, ओळखीची अँटिबॉडी. अमेरिकेत तिला १९९८ साली मान्यता मिळाली. ती धरते ते प्रतिजन म्हणजे हर-२. ल्युटेशियम-१७७ आपल्याकडे ट्रॉम्ब्यालाच तयार होतं, ध्रुव अणुभट्टीत, आणि ब्रिट या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेमार्फत रुग्णालयांना मिळतं. त्यामुळे मुंबई परिसरात हे काम शिकणाऱ्याच्या हाती ही जोडी लवकर येते. आयोडीन-१३१ किंवा झिर्कोनियम-८९ लावलेल्या दुसऱ्या अँटिबॉडीसाठी आकडे बदलतील, विचार तोच राहील.

बिघाड होतो कुठे

ल्युटेशियम हा धातू. तो प्रथिनाला थेट चिकटत नाही, म्हणून आधी अँटिबॉडीला डोटासारखा पकडणारा रेणू जोडावा लागतो. ही जोडणी बहुतेक वेळा लायसीन या अमिनो आम्लावर होते आणि एका अँटिबॉडीत ऐंशी-नव्वद लायसीन असतात. त्यातलं कोणतं पकडलं जाईल, यावर आपला ताबा नसतो. एका अँटिबॉडीवर दोन-चार डोटा बसले तर सहसा काही बिघडत नाही. दहा बसवले तर त्यातला एखादा नेमका प्रतिजन धरण्याच्या जागेत जाऊन बसण्याची शक्यता वाढते. शिवाय ही जोडणी साडेआठ-नऊ पीएचला होते, नंतर लेबलिंग साडेपाचच्या आसपास आणि ३७ ते ४२ अंशांवर. प्रथिनाला हा सगळा प्रवास सोसावा लागतो. आयोडीन लावताना क्लोरामाइन-टी जास्त पडलं तर ऑक्सिडेशनने नुकसान होतं, ते वेगळंच. आणि लेबल झालेली अँटिबॉडी कुपीत नुसती पडून असली तरी तिचंच किरणोत्सर्जन पाण्यात मूलके (फार क्रियाशील कण) तयार करून तिला कुरतडत राहतं. म्हणून तर कुपीत अॅस्कॉर्बिक किंवा जेंटिसिक आम्ल घालतात.

यावरून एक सवय लावून घ्या. डोटा जोडल्यावर, पण ल्युटेशियम लावण्याआधी, थोडी अँटिबॉडी बाजूला काढून तिची तपासणी फ्लो सायटोमेट्रीवर किंवा एलायझाने करा (अँटिबॉडी धरते का, हे या पद्धती किरणोत्सर्गाशिवाय दाखवतात). पुढे निकाल वाईट आला तर घाव जोडणीत बसला की लेबलिंगमध्ये, हे त्याच दिवशी कळेल. हे न केल्यामुळे महिनाभर चुकीच्या पायरीवर डोकं आपटणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

दोन वेगळे प्रश्न

नवखे इथे हमखास गोंधळतात. पहिला प्रश्न: शंभर लेबल झालेल्या अँटिबॉडीतल्या किती अजून धरू शकतात? याला इम्युनोरिअॅक्टिव्ह फ्रॅक्शन म्हणतात. आपण ‘सक्षम हिस्सा’ म्हणू. दुसरा प्रश्न: ज्या धरू शकतात त्या किती घट्ट धरतात? ही झाली अॅफिनिटी. पहिल्याचं उत्तर टक्क्यांत येतं, दुसऱ्याचं नॅनोमोलरमध्ये. ९० टक्के सक्षम पण सैल धरणारी अँटिबॉडी असू शकते आणि ४० टक्केच सक्षम पण ते ४० टक्के घट्ट धरणारे, असंही असू शकतं. रुग्णाच्या दृष्टीने दोन्ही महत्त्वाचं आहे. पण लेबलिंगच्या प्रत्येक बॅचला पहिला प्रश्न विचारावाच लागतो, कारण न धरणारा हिस्सा रक्तात फिरत राहतो आणि अस्थिमज्जेला विनाकारण डोस देतो.

सक्षम हिस्सा मोजायला सोपा वाटतो: पेशी घ्या, अँटिबॉडी टाका, किती चिकटली ते मोजा. अडचण अशी, की चिकटली नाही ती सगळीच बिघडलेली असते असं नाही. काही चांगल्या असूनही त्या घडीला मोकळ्या असतात, कारण धरणं-सोडणं सतत चालू असतं.

यार्डातून नुकतीच निघालेली रिकामी लोकल डोळ्यांसमोर आणा. डब्यात वीस माणसं आणि जागा शेकडो. तरीही कुणी उभा असेल तर त्याला बसताच येत नाही, असं समजायला हरकत नाही. गर्दीच्या डब्यात उभ्या माणसाबद्दल असं म्हणता येणार नाही. आपल्यालाही तेच करायचं आहे: अँटिबॉडी अगदी थोडी आणि प्रतिजन भरपूर. प्रतिजन अमर्याद ठेवता आलं असतं तर चिकटलेला हिस्सा म्हणजेच सक्षम हिस्सा ठरला असता. अमर्याद पेशी कुणाकडेच नसतात. म्हणून १९८४ साली टोरे लिंडमो आणि सहकाऱ्यांनी वाट काढली: पेशींची संख्या पायरीपायरीने बदलायची, प्रत्येक पायरीला किती चिकटलं ते मोजायचं आणि येणारी रेष अमर्याद पेशींपर्यंत लांबवायची. आज चाळीस वर्षांनीही या तपासणीला ‘लिंडमो’ म्हणूनच ओळखतात.

आधी कागदावर हिशेब

पिपेट हातात घेण्याआधी वही उघडा. या तपासणीचं यशापयश इथेच ठरतं.

पेशी घ्यायच्या एसके-बीआर-३. या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर हर-२ भरमसाट असतं, एका पेशीवर साधारण दहा लाख किंवा त्याहून जास्त. हिशेबाला दहा लाख धरू. सर्वांत दाट ट्यूबमध्ये मिलिलिटरला ५० लाख पेशी आणि अर्धा मिलि द्रव, म्हणजे २५ लाख पेशी, म्हणजे सुमारे ४.२ पिकोमोल हर-२. सर्वांत विरळ ट्यूब त्याच्या सोळाव्या हिश्शाची, म्हणजे सुमारे २६० फेम्टोमोल.

आता अँटिबॉडी. तिचा रेणूभार सुमारे दीड लाख. प्रत्येक ट्यूबमध्ये २ नॅनोग्रॅम टाकली तर ती १३ फेम्टोमोल होते. विरळ ट्यूबमध्येही प्रतिजन वीसपट उरतं. अँटिबॉडीला दोन हात असतात हे धरलं तरी दहापट. हे चालतं. आता २ ऐवजी २० नॅनोग्रॅम टाकून बघा: विरळ ट्यूबमधला वीसपटीचा फरक दुपटीवर येतो आणि लोकल भरते. रेष वाकते, निकाल बिघडतो आणि बिघडला आहे हे सहज दिसतही नाही.

मग २ नॅनोग्रॅममध्ये पुरेसे काउंट, म्हणजे यंत्राने टिपलेले किरण, मिळतील का? हे स्पेसिफिक अॅक्टिव्हिटीवर, म्हणजे दर मिलिग्रॅमला किती किरणोत्सर्ग आहे यावर, अवलंबून आहे. मिलिग्रॅमला ३७० मेगाबेक्वेरेल असेल तर २ नॅनोग्रॅममध्ये ७४० बेक्वेरेल येतात. ल्युटेशियम-१७७ चे मोजता येण्याजोगे गॅमा थोडे असतात: २०८ केईव्हीचा सुमारे १० टक्के विघटनांत, ११३ केईव्हीचा सुमारे ६ टक्के. त्यामुळे वेल काउंटरवर, म्हणजे ट्यूब आत ठेवून गॅमा मोजणाऱ्या यंत्रावर, ट्यूब काही मिनिटं मोजावी लागते. तेवढा धीर धरा. वीस हजार काउंट जमले की संख्याशास्त्रीय चूक पाऊण टक्क्याच्या आत येते. स्पेसिफिक अॅक्टिव्हिटी कमी असेल तर अँटिबॉडी वाढवण्याचा मोह होतो. त्याऐवजी मोजण्याचा वेळ वाढवा.

शेवटचा हिशेब बहुतेक सूचनापत्रकांत अर्धवट असतो, म्हणून तो नीट सांगतो. काही अँटिबॉडी हर-२ ला न धरता पेशीला किंवा प्लॅस्टिकला नुसतीच चिकटते. ती वजा करण्यासाठी काही ट्यूबमध्ये लेबल नसलेली ट्रॅस्टुझुमॅब आधी भरपूर टाकून सगळं हर-२ अडवायचं असतं. आमच्या भाषेत ही ‘कोल्ड’ आणि लेबल असलेली ‘हॉट’. पत्रकात लिहिलेलं असतं, ‘हजारपट कोल्ड घाला’. २ नॅनोग्रॅमची हजारपट म्हणजे २ मायक्रोग्रॅम, म्हणजे १३ पिकोमोल. दाट ट्यूबमध्ये हर-२ आहे ४.२ पिकोमोल. म्हणजे कोल्ड प्रतिजनाच्या जेमतेम तिप्पट झाली. पट मोजायची ती हॉटच्या तुलनेत नव्हे, प्रतिजनाच्या तुलनेत. इथे २० मायक्रोग्रॅम घ्या, म्हणजे सुमारे तीसपट होईल.

पेशींची तयारी

एकूण पेशी किती लागतील? पाच पायऱ्या, प्रत्येकीला तीन साध्या ट्यूब आणि दोन कोल्डच्या. दाट द्रव ६ मिलि लागतो, म्हणजे ३ कोटी पेशी. एसके-बीआर-३ संथ वाढतात, म्हणून दोन-तीन आठवडे आधी सुरुवात करा. पेशी ओळखीच्या प्रयोगशाळेतून उसन्या आणण्यापेक्षा पुण्याच्या एनसीसीएससारख्या पेशीसंग्रहातून ओळख तपासलेल्या घ्याव्यात. उसनी कुपी कित्येकदा कितव्या पिढीची आहे हेच कुणाला माहीत नसतं आणि फार पिढ्या वाढवलेल्या पेशींवर प्रतिजन तितकंच उरलं असेल याची खात्री देता येत नाही. सोबत एक निगेटिव्ह लाइनही वाढवा, उदाहरणार्थ एमडीए-एमबी-४६८. तिच्यावर हर-२ नसल्यातच जमा असतं.

फ्लास्कमधून पेशी सोडवताना ट्रिप्सिन टाळा. ते पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं कापतं आणि आपल्याला नेमकं तिथलंच प्रथिन हवं आहे. ईडीटीए असलेल्या बफरमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवून हळुवार ठोकल्या की पेशी सुटतात. मग ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. गुठळीच्या आतलं प्रतिजन अँटिबॉडीला सापडत नाही. ट्रायपॅन ब्लूने मोजणी करा. जिवंत पेशी ९० टक्क्यांच्या वर हव्यात. मेलेल्या पेशींना काहीही चिकटतं.

शेवटी त्या थंडगार पीबीएस बफरमध्ये १ टक्का बीएसए (नुसतं चिकटणं रोखणारं प्रथिन) घालून मिलिलिटरला ५० लाख अशा मिसळा. इथून पुढे सगळं बर्फावर, कारण ट्रॅस्टुझुमॅब धरली की ऊबदार पेशी हर-२ सकट तिला आत ओढू लागते आणि समतोलाचा हिशेब कोलमडतो. ४ अंशांना हे जवळपास थांबतं. आत ओढणं थांबवायला काही जण सोडियम अझाइडही घालतात. थंडी नीट पाळली तर त्या विषाची गरज पडत नाही, आणि कचऱ्याची एक डोकेदुखी वाचते.

प्रत्यक्ष तपासणी

किरणोत्सर्गी काम ठरवून दिलेल्या जागीच करायचं, टीएलडी बॅज (अंगाला मिळालेला डोस मोजणारा) छातीवर लावून, दुहेरी हातमोजे घालून आणि विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याला कळवून. ट्यूबमधली मात्रा अगदी नगण्य असते. धोका मूळ कुपीचा, जिच्यात मेगाबेक्वेरेल असतात. ती शिशाच्या भांड्यातून बाहेर काढायची ती नमुना घेण्यापुरतीच. सौम्यीकरणं आधी नुसत्या पाण्याने करून हात बसवा, मग हॉट घ्या.

पहिल्यांदा पेशींच्या पायऱ्या करा. पाच मोठ्या ट्यूब मांडा. पहिलीत ६ मिलि दाट पेशी, बाकी चारांत ३-३ मिलि थंड बफर. पहिलीतून ३ मिलि दुसरीत, नीट मिसळून दुसरीतून ३ मिलि तिसरीत, असं पाचवीपर्यंत. मिलिलिटरला ५०, २५, साडेबारा, सव्वासहा आणि तीन लाखांच्या थोड्या वर, अशा पायऱ्या होतील. पेशी झपाट्याने खाली बसतात, म्हणून दर वेळी उपसण्याआधी ट्यूब उलटीसुलटी करा. सक्षम हिस्सा काढायला पेशींचा खरा आकडा अचूक लागत नाही, पायऱ्यांमधलं प्रमाण अचूक लागतं. मोजणीत पाच टक्के चूक झाली तर सगळे बिंदू एकाच प्रमाणात सरकतात आणि रेषेचा छेद जागचा हलत नाही. पण एका पायरीला पिपेट चुकलं तर तो बिंदू एकटाच सरकतो. मेहनत तिथे घ्या.

आता दीड मिलिच्या, प्रथिन कमी चिकटणाऱ्या ट्यूबमध्ये अर्धा-अर्धा मिलि वाटा. कोल्डच्या ट्यूबमध्ये २० मायक्रोलिटरमधून २० मायक्रोग्रॅम कोल्ड, बाकीच्यांत २० मायक्रोलिटर बफर. पंधरा मिनिटं थांबा, म्हणजे कोल्ड आपल्या जागा धरून बसेल. मग सगळ्यांत २० मायक्रोलिटरमधून २ नॅनोग्रॅम हॉट.

याशिवाय तीन ट्यूब फक्त हॉटच्या: पेशी नाहीत, बफरमध्ये तेवढंच हॉट. त्यांना धुवायचं नाही, फिरवायचं नाही. हे आपलं ‘एकूण’. माझ्या सुरुवातीच्या एका तपासणीत सक्षम हिस्सा ११० टक्के आला होता. शंभराच्या वर काही असूच शकत नाही. शोधता शोधता कळलं, की एकूणच्या तिन्ही ट्यूब मी सर्वांत शेवटी भरल्या होत्या आणि हॉटच्या सौम्य द्रावात बीएसए घातलंच नव्हतं. नॅनोग्रॅमच्या पातळीवर अँटिबॉडी प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटत जाते. तासाभरात द्राव विरळ झाला, एकूण खोटं कमी आलं आणि भागाकार फुगला. तेव्हापासून हॉटच्या द्रावात १ टक्का बीएसए असतंच आणि एकूणची एक ट्यूब सुरुवातीला, एक मध्यावर आणि एक शेवटी भरतो. तिन्हींचे काउंट जुळले तरच पुढचं वाचतो.

ट्यूब ४ अंशांवर फिरत्या रॅकवर ठेवा. किती वेळ? ‘एक तास’ हे उत्तर अनेक ठिकाणी मिळेल आणि दाट ट्यूबसाठी ते ठीकही असेल. विरळ ट्यूबमध्ये प्रतिजन कमी, म्हणून भेट व्हायलाच वेळ लागतो. थंडीत समतोल यायला तिथे कित्येक तास लागू शकतात. पहिल्यांदा करताना फक्त विरळ पायरीच्या सहा-आठ ट्यूब लावून १, २, ४ आणि ६ तासांनी बांधणी मोजा. ती वाढायची थांबते तोच तुमचा वेळ. एक दिवस जातो, पण पुढे त्या वेळेवर शंका घ्यावी लागत नाही.

वेळ झाला की ३०० जी-ला ५ मिनिटं फिरवा, वरचा द्रव काढा, अर्धा मिलि थंड बफर घालून पुन्हा फिरवा. अशा दोन धुण्या पुरतात. रेंगाळू नका, धुताना सुटलेली अँटिबॉडी परत बसत नाही. शेवटी पेलेट, म्हणजे तळाशी बसलेल्या पेशींचा गोळा, थोड्या बफरमध्ये सैल करून नव्या ट्यूबमध्ये घ्या, म्हणजे जुन्या भिंतीला चिकटलेलं मागे राहील. एकूणच्या ट्यूबमध्ये आणि पेलेटच्या ट्यूबमध्ये द्रवाची उंची सारखी ठेवा. वेल काउंटरमध्ये उंची बदलली की कार्यक्षमताही बदलते. सगळ्या ट्यूब एकाच बैठकीत मोजा, म्हणजे क्षयाची दुरुस्ती करावी लागत नाही. रिकाम्या ट्यूबचा पार्श्वभूमी काउंट घ्यायला विसरू नका.

रेष काढणं

समजा पार्श्वभूमी आणि कोल्डच्या ट्यूबचे काउंट वजा केल्यावर एकूण २०,००० आले आणि दाटपासून विरळपर्यंत बांधलेले असे: १५,१७०, १३,७००, ११,४७०, ८,६६० आणि ५,८१०. दाट ट्यूबकडे पाहून कुणी म्हणेल, ७६ टक्के. थांबा. प्रत्येकासाठी एकूण भागिले बांधलेलं काढा: १.३२, १.४६, १.७४, २.३१, ३.४४. हे उभ्या अक्षावर. आडव्या अक्षावर पेशीसंख्येचा व्यस्त, दशलक्षात: ०.२, ०.४, ०.८, १.६, ३.२. बिंदू एका सरळ रेषेत येतात. रेष डावीकडे लांबवली की ती उभ्या अक्षाला १.१८ च्या जवळ छेदते. आडव्या अक्षावर शून्य म्हणजेच अमर्याद पेशी. १ भागिले १.१८ म्हणजे ८५ टक्के. हा आपला सक्षम हिस्सा.

त्याच रेषेत अॅफिनिटीही दडलेली आहे. रेषेचा चढ ०.७१, त्याला छेदाने भागलं की ०.६ येतं. म्हणजे मिलिलिटरला ६ लाख पेशी असताना सक्षम अँटिबॉडीतल्या निम्म्या बांधलेल्या असतात. पेशीमागे दहा लाख हर-२ धरले तर ते १ नॅनोमोलर होतं. इथे मात्र पेशींची खरी संख्या आणि पेशीमागचं हर-२ दोन्ही अचूक लागतात, त्यामुळे हा आकडा अंदाज म्हणूनच लिहा. अॅफिनिटी नीट हवी असेल तर उलट मांडणीची, पेशी तेवढ्याच ठेवून अँटिबॉडी वाढवत नेणारी सॅच्युरेशन तपासणी वेगळी करा.

आता वरच्या उदाहरणात एकच आकडा बदला. शेवटची विरळ ट्यूब समतोलाला पोचली नाही आणि तिचे काउंट ५,८१० ऐवजी ४,७६० आले. रेष पुन्हा काढा. छेद १.०२ वर येतो आणि सक्षम हिस्सा ९८ टक्के! बांधणी कमी झाली आणि निकाल वाढला. व्यस्त घेतल्यामुळे विरळ बिंदू उजवीकडे दूर जाऊन बसतो आणि तरफेसारखा सगळी रेष फिरवतो. सर्वांत कमी काउंट असलेला, सर्वांत कमी भरवशाचा बिंदू सर्वांत जास्त वजन मिळवतो. या पद्धतीचा मला हाच सर्वांत मोठा दोष वाटतो. म्हणून आलेख डोळ्यांनी बघा, नुसता एक्सेलचा आकडा घेऊ नका. शेवटचा बिंदू काढून रेष परत काढा. छेद फार हलला तर निकाल लिहू नका, तपासणी पुन्हा करा. जमेल तर व्यस्त न घेता बांधलेला हिस्सा आणि पेशीसंख्या यांच्यावर थेट वक्र बसवा, काउंटच्या भरवशाप्रमाणे वजन देऊन. तरीही रेष काढाच, कारण चूक तिच्यात डोळ्याला दिसते.

रेष उजवीकडे वर वाकत असेल तर प्रतिजन पुरेसं जास्त नाही किंवा समतोल आलेला नाही. दाट टोकाला बिंदू वर उचललेले असतील तर बहुधा गुठळ्या. कोल्डच्या ट्यूबमध्ये एकूणच्या पाच टक्क्यांहून जास्त राहत असेल तर धुणं, मेलेल्या पेशी, अँटिबॉडीचे पुंजके किंवा अपुरं कोल्ड तपासा. निगेटिव्ह लाइनवरही तेवढंच चिकटत असेल तर तुम्ही हर-२ मोजतच नाही आहात.

आकड्याचा अर्थ

८० टक्क्यांच्या वर आलं तर समाधान माना. ६० च्या खाली आलं तर जोडणीतलं डोटाचं प्रमाण कमी करून बघा. पण आधी पट्टीकडे परत जा: मोकळं ल्युटेशियम ‘एकूण’मध्ये मोजलं जातं आणि पेशीला चिकटत नाही. शुद्धता ९० टक्के असेल तर सक्षम हिस्सा ९० च्या वर जाणारच नाही, मग अँटिबॉडी कितीही निरोगी असो. म्हणून दोन्ही आकडे नेहमी शेजारी शेजारी लिहा.

एक मर्यादाही ध्यानात ठेवा. अँटिबॉडीचा एक हात निकामी झाला तरी ती दुसऱ्याने धरते आणि आपल्या हिशेबात सक्षम ठरते. पूर्ण अँटिबॉडीचा सक्षम हिस्सा म्हणजे ‘निदान एक हात शाबूत’ असलेल्यांचा हिस्सा.

रोजच्या गुणवत्ता तपासणीसाठी दर वेळी ३ कोटी पेशी वाढवणं शक्य नसतं. शुद्ध प्रतिजन बसवलेले चुंबकीय मणी वापरले तर तासाभरात उत्तर मिळतं आणि दिवसागणिक फरक कमी पडतो. मण्यांवरचं प्रतिजन पेशीच्या पडद्यात बसलेलं नसतं, म्हणून सुरुवातीला एकाच बॅचवर मणी आणि पेशी दोन्ही लावून जुळतं का ते पाहा. आणि फक्त लेबलिंगच्या दिवशी मोजून थांबू नका. ३७ अंशांवर सिरममध्ये ठेवलेला नमुना पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशीही तपासा. किरणांनी कुरतडणं तेव्हाच दिसू लागतं. पट्टी तोवरही ९५ दाखवत असते.

कचऱ्याचं शेवटचं. धुण्याचा द्रव, पेलेट, टोकं, हातमोजे सगळं वेगळ्या पिशवीत, समस्थानिकाचं नाव आणि तारीख लिहून. ल्युटेशियम-१७७ चं अर्धायुष्य ६.६५ दिवस, म्हणजे दहा अर्धायुष्यं ६७ दिवसांत संपतात. पण ल्युटेशियम-१७६ वर न्यूट्रॉन पाडून केलेल्या मालात ल्युटेशियम-१७७एम अगदी किंचित असतं आणि त्याचं अर्धायुष्य सुमारे १६० दिवस आहे. म्हणून ६७ व्या दिवशी तारीख बघून पिशवी सोडू नका, काउंटरखाली धरून बघा. आयोडीनचं काम असेल तर त्या द्रवात पेशी मारायला ब्लीच ओतू नका. आयोडीन हवेत सुटतं.